कारण : पडून

बसायचं कुठे, यावरच आठवडा गेला होता. मोठ्या घरी काकू येणार नव्हती, धाकट्या घरी मोठी आई जाणार नव्हती. म्हणून शेवटी खाली दुकानात, काच कापायच्या टेबलाभोवती. रविवार. शटर अर्धं खाली. टेबलावरचं जाड हिरवं कापड ताईनं ब्रशनं दोनदा झाडलं, कारण काचेचा कण दिसत नाही, रुततो तेव्हा कळतो. भिंतीला टेकवून ठेवलेल्या तावदानांत सगळे आत्तापासूनच दोन-दोनदा दिसत होते.

एका बाजूला मोठी आई, तिची मुलगी ताई आणि पाठीला उशी घेतलेला मुलगा दादा. समोर काका, काकू आणि त्यांचा मुलगा खार. शिडीवर सरसर चढतो म्हणून खार. खरं नाव आता पाकिटावरसुद्धा कुणी लिहीत नाही.

दादाला हॉस्पिटलातून आणून अठरा दिवस झाले होते. एकोणचाळिसाव्या वर्षी हृदयाचा झटका. अठरा दिवसांत धाकट्या घरातून कुणी गल्ली ओलांडली नव्हती. आणि आज तिघं एकदम आले, तेही वेळेआधी दहा मिनिटं. बोलावलं ताईनंच होतं. तरी तिला वाटलं, हे काहीतरी ठरवून आलेत.

"चहा टाकू?"

"पिऊन आलोय," तिघंही म्हणाले. एका सुरात.

ठरवूनच आलेत.

प्रश्न १. कुटुंबातील अकाली मृत्यू : नातं, वय, कारण

आजोबा, ४४, पडून.
मधले काका, ४०, गाडीचा अपघात.
वडील, ४२, पडून.

फॉर्म दादाच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेला. अक्षर ताईचं. बाईंनी दोन्ही "पडून"खाली पेन्सिलनं रेघ मारली होती आणि चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "पडून गेले, की गेले आणि मग पडले?"

ताई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढते. एका रस्त्यावरच्या तीन घरांना ओल आली, तर भिंतींशी भांडायचं नसतं, वरची जोडणी उकरायची असते, हे ती वीस वर्षं लोकांना सांगत आली आहे. स्वतःच्या घराला सांगायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

या घरात माणूस गेला की वस्तू बदलतात. आजोबा काच घेऊन जिना उतरताना कोसळले, तर जिन्याला कठडा आला. मधले काका भरल्या गाडीनिशी भिंतीवर गेले, तर गाडी विकली आणि घरातल्या पुरुषांनी चाक हातात घ्यायचं नाही असं ठरलं. थोरले, म्हणजे ताईचे वडील, शिडीवरून पडले, तर लाकडी शिडीचे तुकडे करून जाळले, ॲल्युमिनियमची आणली, आणि नियम झाला: पस्तिशी झाली की शिडी बंद. पस्तिशीनंतर टेबलापाशी बसून कापायचं. दादा गेली चार वर्षं बसला. बसून बसून पंधरा किलोंनी वाढला, हात रिकामे राहतात म्हणून सिगरेट लागली. घरानं त्याला इतकं जपलं.

"तीन माणसं," ताई म्हणाली. "चव्वेचाळीस, चाळीस, बेचाळीस. एकाला जिना, एकाला गाडी, एकाला शिडी. तिन्ही वस्तूंचा एकाच वयावर कसा काय डोळा?"



"आणि चौथा तर खुर्चीत बसला होता," दादा म्हणाला. "मी कुठून पडणार?"

"आता खुर्ची बदलतील," खार म्हणाला. हसायला फक्त दादा हसला, आणि छातीवर हात धरून थांबला.

काकूनं पदर सावरला. "म्हणजे ताई, तुझ्या म्हणण्याप्रमाणे शिडीचा काही दोष नव्हता."

"नसावा."

"आणि शिडी धरणाऱ्याचाही नव्हता."

टेबलाच्या या बाजूला मोठी आई ताठ झाली. या धंद्यात एक चढतो, एक धरतो. सव्वीस वर्षांपूर्वी थोरले चढले होते आणि काकांनी शिडी धरली होती. त्याचा हात सुटला म्हणून नाही, ह्याचा सुटला म्हणून तो पडला, असं मोठी आई त्या दिवशी भर गल्लीत म्हणाली होती, आणि तेव्हापासून दिराशी एक शब्दही बोलली नव्हती. आताही ती बोलली ते ताईशी.

"काकूला सांग, ते अजून ठरायचंय."

"सांग तुझ्या आईला," काकू म्हणाली, "मी तीन फुटांवर बसलेय."

काका हिरव्या कापडाकडे बघत होते. बासष्टीचा माणूस, वाळक्या लाकडासारखा. नको तिथे बोलत नाहीत, हवं तिथेही नाही.

प्रश्न ४. रक्ताचे नातेवाईक ज्यांची तपासणी व्हावी

फॉर्मच्या मागे आकृती होती. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. माणूस गेला असेल तर तिरपी रेघ. आजार असेल तर आतून काळा. दादाचा चौकोन काळाभोर. वरचे तीन कापलेले, आणि प्रत्येकात प्रश्नचिन्ह.

"ही मी?" काकूनं बोट ठेवलं. "एवढीशी?"

"सगळे गोल सारखेच असतात, काकू."

"तुझ्या आईचा मोठा दिसतोय."

खारनं आपला चौकोन शोधला. रिकामा. त्याच्या खाली अजून एक बारका गोल. त्याची मुलगी, सहा वर्षांची. तिला कुणी कागदावर घेतलेलं त्याला आवडलं नाही.

"रक्तातली वाईट चरबी," दादा सांगत होता. पाठ केल्यासारखं. "जन्मापासूनच दुपटी-तिपटीनं जास्त. जाड-बारीक असं काही नाही. नळ्या आतून बुजत जातात, बाहेर काही कळत नाही. आई-बापापैकी एकाला असलं तर प्रत्येक पोराला यायची शक्यता निम्मी. आधी कळलं तर रोज गोळी घ्यायची, खाणं सांभाळायचं, सिगरेट नाही. माणूस सुखानं म्हातारा होतो म्हणाली."

"कोण म्हणाली?"

"डॉक्टरीणबाई."

"तुमची डॉक्टरीणबाई."

"बरं, तुझी कर. दुसरीकडे जा. रक्त तेवढं दे."

खारला हे गोड बोलणं पटेना. तो चौतीस वर्षांचा होता. शिडीवर जो असतो तोच गिऱ्हाइकाशी बोलतो, तोच मापं घेतो, कुठलं काम धरायचं तेही तोच ठरवतो. दुकान त्याच्या शब्दावर चालतं. चार वर्षांपूर्वी दादा खाली बसला आणि शब्द धाकट्या घरात आला. नियमाप्रमाणे त्याचं अजून एक वर्ष होतं. उद्या सकाळी वाचनालयाच्या दर्शनी भिंतीला बारा तावदानं बसवायची होती. इतकं मोठं काम दुकानानं आजवर घेतलं नव्हतं. आणि नेमकं आज यांना त्याचं रक्त हवं होतं.

"एक सांगा. माझ्या कागदावर काही निघालं, तर शिडी कोण चढणार?"

साधा प्रश्न होता. पण उत्तर यायला वेळ लागला, आणि तेवढ्यात दादानं ताईकडे पाहिलं. खारनं ते समोर पाहिलं नाही, भिंतीजवळच्या काचेत पाहिलं.

"आलं लक्षात," तो म्हणाला.

"अरे, शिडीचा संबंधच नाही!" ताई म्हणाली. "बाई उलट म्हणाल्या, बसवून ठेवू नका. दादाला बसवला हेच चुकलं."

"वा. चार वर्षांपूर्वी पस्तिशीचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. आता माझं वर्ष राहिलंय, तर दगडच नवा आणलात."

"तुला काय वाटतं, मी झटका मुद्दाम आणवून घेतला?" दादा म्हणाला.

"तसं नाही म्हणालो."

"चेहऱ्यानं म्हणालास."

"टाच दाखव," ताई मध्येच म्हणाली.

"काय?"

"टाच. मोजा काढ. दादा, तुझी दाखव त्याला."

दादानं वाकून मोजा खाली ओढला. टाचेच्या वर, घोट्यामागच्या शिरेवर, वाटाण्याएवढ्या दोन गाठी. "बुटाच्या म्हणायचो मी. कितीदा बूट बदलले. ती चरबी आहे. बाईंनी हृदय तपासायच्या आधी इथे बोट लावलं."

खारनं दोन्ही पाय खुर्चीखाली घेतले. त्याच्या डाव्या टाचेवर एक होती. विशीपासून होती. शिडीच्या पायरीचा घट्टा, असं त्यानं बायकोला सांगितलं होतं, आणि स्वतःलाही. आता त्याला वाटलं, घट्टा पडायचा तर तळव्याला पडेल. पायरी तिथे कशाला लागेल?

"मी काही दाखवणार नाही," तो म्हणाला. "आणि रक्तही देणार नाही."

प्रश्न ६. सध्या चालू असलेली औषधं

बारा वाजता रक्त घेणारी बाई शटरखालून वाकून आत आली. पन्नाशीची, हातात निळी पेटी.

"किती जण?"

"तीन," ताई म्हणाली.

"एकही नाही," खार म्हणाला.

"ठरवा तुम्ही. मी बसते." तिनं पेटी टेबलावर ठेवली आणि तावदानांकडे बघून विचारलं, "न्हाणीघराचा आरसा कापून देता का हो? गोल कोपऱ्यांचा?" उत्तराची वाट न बघता तिनं डबा काढून चार बिस्किटं खाल्ली.

काकूचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. काकू दादाच्या हाताकडे बघत होती. दादाची दुपारच्या औषधांची वेळ झाली होती आणि तो थैलीतून एकेक पाकीट काढून ओळीनं मांडत होता. घरात कुणी काही मांडलं की काकू मोजते. चार पाकिटं. शेवटच्याला नारिंगी कड.

"पित्ताचीसुद्धा देतात वाटतं?" ती म्हणाली.

"कुठली?"

"ही. नारिंगी कडेची. ह्यांची पित्ताची गोळी."

दादानं पाकीट उलटून पाहिलं. "ही पित्ताची नाही, काकू. हीच तर मुख्य."

"काहीतरीच. ओळखीन की मी. रोज रात्री जेवण झालं की—"

"बाई," रक्तवाली बिस्किट गिळत म्हणाली, "ती चरबीचीच. माझ्या नवऱ्याला पण आहे."

काकूनं मान वळवली. हळूच वळवली, कारण वळवून काय दिसणार ते तिला कळायला लागलं होतं.

सव्वीस वर्षं ती त्यांचं वेगळं शिजवत होती. लोणी नको, तळलेलं नको, अंड्यातलं पिवळं नको: पित्त होतं. पहाटे उठून तासभर चालणं: पित्ताला बरं. सिगरेट एका आठवड्यात सुटली: पित्त. आणि औषध कायम नदीपलीकडच्या दुकानातून, कोपऱ्यावर दुकान असताना. एकदा तिला संशय आला होता, की नदीपलीकडे कुणीतरी आहे. ती मागोमाग गेलीही होती. औषधाच्या दुकानातून ते एकटेच बाहेर आलेले पाहून तिला इतकं हायसं वाटलं, की पिशवीत काय आहे हे विचारायचं राहूनच गेलं.

"अहो?"

काका हिरव्या कापडावरची एक न दिसणारं कुसळ नखानं काढत होते.

"अहो, मी तुमच्याशी बोलतेय."

प्रश्न ६, पुन्हा

"कधीपासून?" हे खारनं विचारलं.

"ही सात वर्षं. आधी दुसरी होती."

"बाबा, कधीपासून?"

"थोरला गेला, त्याच्या पुढच्या आठवड्यापासून."

बाहेर गल्लीतून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. 

"त्या दिवशी जो डॉक्टर आला होता," काका म्हणाले, "त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, डोक्याला एवढं लागलंय पण तिथून रक्त गेलेलं नाही. खाली यायच्या आधीच हृदय थांबलं होतं. वडील कसे गेले, विचारलं. मधला कसा गेला, विचारलं. माझं रक्त तपासून घेतलं. म्हणाला, तुला आहे. घरात सांग. पोरांची तपासणी करा."

"मग तुम्ही शिडी सोडली नव्हती," ताई म्हणाली.

"नाही. धरूनच होतो. तो माझ्या अंगावरूनच खाली आला."

"मग सांगायचं नाही का!" तिचा आवाज चढला. "सव्वीस वर्षं आई तुम्हाला... सव्वीस वर्षं आम्ही तुमच्याकडे तसं बघतोय. एक वाक्य होतं, काका. हृदय थांबलं होतं. तेवढं बोलला असता तर तुम्ही सुटला असता!"

"ते सांगितलं असतं, तर सकाळचंही सांगावं लागलं असतं."

"सकाळचं काय?"

काकांनी एकदा खारकडे पाहिलं. तो ओठ आवळून बसला होता.

"आमच्या पाळ्या होत्या. एक दिवस तो चढणार, एक दिवस मी. त्या दिवशी त्याची पाळी. शिडी लावली, तर म्हणाला, आज तू चढ, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय, हात जड झालाय. मी म्हटलं, तुझी पाळी आली की बरं तुला काहीतरी होतं. आदल्या आठवड्यातही त्यानं असंच केलं होतं, माझ्या डोक्यात ते होतं. मी म्हटलं, चढ गुमान. तो हसला. चढला. सातव्या पायरीवर..." ते थांबले. "हात सुटला म्हणालात, मी ऐकून घेतलं. हात कुणाचाही सुटतो. हे दुसरं तसं नव्हतं."

ताईनं पेन उचललं. वडिलांच्या ओळीतला "पडून" खोडला, आणि पुढे काय लिहायचं ते न सुचून पेन तसंच धरून राहिली.

"आणि माझं?" दादानं विचारलं. शांतपणे विचारलं, मोठ्यानं बोलायची त्याला मनाई होती.



प्रश्न नसलेला

मोठ्या आईनं इतकी वर्षं एक हात पाहिला होता. शिडीच्या दांडीवरून सुटणारा हात. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, झोप लागायच्या आधी. तो हात तिच्या ओळखीचा झाला होता. घरातल्या भांड्यांसारखा. आता समोरचा माणूस म्हणत होता की तो नव्हताच.

तिला पहिली शंका हीच आली, की हे खोटं आहे. सुटायला रचलेलं. मग तिनं काकूकडे पाहिलं. काकूचा चेहरा असा झाला होता की तो रचता येत नाही.

आणि पाळीचं. तिला आपला नवरा माहीत होता. तो पाळ्या चुकवायचा. कंबर धरली, डोळ्यात गेलं, पायात गोळा आला. तिनंच त्याला आळशी म्हणून कितीदा डिवचलं होतं. त्या सकाळी तो तिला काही बोलला नव्हता, एवढंच तिच्या वाट्याला आलेलं नशीब.

"भावजी," ती म्हणाली.

काकांचं नख कापडावर थांबलं. ताईनं मान वर केली. समोर काकूनं नकळत पदर पुन्हा सावरला.

"तो गेला ते तुमच्यामुळे नाही. मानते मी. चाळिशी उलटलेला पुरुष, दुखतंय तर चढू नये. हट्टीच होता. ते सोडा." तिनं दादाकडे बोट केलं. "हा तेव्हा तेरा वर्षांचा होता. ह्याचं काय ठरवलं होतंत तुम्ही?"

"दर वर्षी ठरवायचो, वहिनी. सांगायचंच म्हणून. ह्याला बत्तिसावं लागलं तेव्हा तुमच्या जिन्यापर्यंत आलो होतो."

"मग?"

"तुम्ही दार लावलंत."

"मी रोजच लावत होते."

"हो."

"म्हणजे आता माझ्यावर ढकलताय?"

"नाही, वहिनी. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

मोठ्या आईला हे सरळ उत्तरही संशयास्पद वाटलं, आणि ते खरं आहे हेही तिला माहीत होतं. दार तिनंच लावलं होतं. पावलं ओळखून लावलं होतं.

"मला ते माफी वगैरे जमणार नाही," ती म्हणाली. "माझा मुलगा सहा तास काचेच्या खोलीत नळ्या लावून पडला होता. ते मी बाहेरून बघितलंय."

"मी मागत नाहीये."

"मागूही नका."

पण बोलली ती त्यांच्याशीच. ताईला "सांग" म्हणाली नाही.

प्रश्न ४, पुन्हा

खार उठला होता. सगळ्यांना वाटलं आता हा शटर वर ढकलून जाणार. तो टेबलाला वळसा घालून काकांसमोर आला.

"मला काय समजत होता तुम्ही?"

"तू आईवर गेलायस असं वाटायचं. बारीक आहेस, चपळ आहेस—"

"वाटायचं! तुम्ही कोण वाटून घेणारे? बासष्टाव्या वर्षी शिडी धरायला येता. गडी देतो म्हटलं, तर नको. ऊन असो, वारा असो, मीच धरणार. मला वाटायचं, म्हातारा लोकांना दाखवतोय, बघा मी हात सोडत नाही. तुम्ही खाली उभं राहून वाट बघत होता?"

"हो," काका म्हणाले. "दुसऱ्या कुणाला धरू दिली नाही."

"धरून काय होणार होतं, बाबा?"

 काकू रडत नव्हती. ती नवऱ्याच्या हातांकडे बघत होती, जणू कधी पाहिलेच नव्हते.

खारनं खुर्ची ओढली, रक्तवालीच्या समोर बसला, आणि आधी डावा मोजा काढून पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला. "हे काय आहे?"

तिनं वाकून पाहिलं. अंगठ्यानं दाबलं. दादानंही मान लांब करून पाहिलं, आणि लगेच नजर वळवली.

"मी डॉक्टर नाही, बाबा," ती म्हणाली. "हात द्या."

पट्टा आवळला गेला. खार सुईकडेच बघत राहिला. बाटलीत रक्त चढलं, ते सगळ्यांच्या रक्तासारखं लाल होतं. त्यावरून काही कळत नव्हतं. मग ताईचं घेतलं. मग दादाकडून कळलं, की त्याच्या दोन्ही मुलांचं काल शाळेवरून येतानाच घेऊन झालंय.

"म्हणजे तुम्ही विचारलंसुद्धा नाही, थेट पोरांचं घेतलंत?" काकू म्हणाली.

"आम्हाला विचारायला कोण होतं?" दादा म्हणाला. आणि खरंच कुणी नव्हतं.

"उद्या संध्याकाळी कळेल," रक्तवाली बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत म्हणाली. "इथे अजून एक लिहिलंय. मुलगी, सहा वर्षं. तशी आधी बापाचं कळलं की मग पोराचं घेतात, पण आजोबांना आहे म्हणताय, तर मी फोन करून विचारते."

ती बाजूला जाऊन बोलली. बोलून आली. "बाई म्हणाल्या, जमत असेल तर घेऊन टाका. दीडपर्यंत आणा, पुढे मला दुसरीकडे जायचंय."

खारच्या कोपरात कापूस होता, तो हात दुमडून उभा राहिला. उद्याच्या बारा तावदानांचं काय, हे कुणीच काढलं नाही. घर समोरच, गल्लीपलीकडे. पण तो हलेना.

"तिला सांगायचं काय?" तो म्हणाला. "सुई बघितली की घर डोक्यावर घेते."

"सांग, शाळेतून सांगितलंय, सगळ्यांचंच घेतात," काकू म्हणाली.

"लस म्हण," ताई म्हणाली.

"मुंगी चावते म्हण. मी पोरांना तेच म्हटलं," दादा म्हणाला.

"चष्म्यासाठी लागतं म्हणावं," मोठी आई म्हणाली. "हा लहान असताना मी त्याला तसंच फसवून नेत असे."

चार माणसं, चार थापा, एका मिनिटात. इतक्या सफाईनं निघाल्या, की रक्तवालीनंही मान वर करून एकेकाकडे पाहिलं.

"मी सांगतो," काका म्हणाले.

"काय सांगाल?"

"की माझ्या रक्तात एक आजार आहे. माझ्या भावाला होता, माझ्या बापाला होता. तो तुझ्यात आलाय का, ते बघायचंय. आला असेल तर गोळी आहे. मी सव्वीस वर्षं घेतोय आणि जिवंत आहे."

"सहा वर्षांची आहे ती."

"मग सोपं करून सांगतो. पण हेच."

खारनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. दुकानात नवा माल आला की प्रत्येक काच उजेडासमोर धरून चरा शोधतो, तसं.

"मी दारात उभा राहून ऐकणार आहे," तो म्हणाला. "एक शब्द जरी गाळलात, तर पुढचं मी बोलेन."

काका उठले. शटरखालून वाकायला त्यांना वेळ लागला. खार त्यांच्या आधी बाहेर पडला नाही. ते पलीकडे उभे राहीपर्यंत थांबला, मग निघाला, आणि गल्ली ओलांडताना बापाच्या दोन पावलं मागे राहून, त्यांच्या पाठीवरची नजर न हलवता चालत गेला.